पहिला शुक्रवार आणि शंभरावी खेप

६ ऑगस्ट १९९९ या शुक्रवारी अमेरिकेत जे चित्रपट लागले त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. त्यांतला ‘द सिक्स्थ सेन्स’ त्या आठवड्याच्या गल्ल्यात पहिला आला. दुसरा, ‘द आयर्न जायंट’, नववा. वॉर्नर ब्रदर्सच्या या ॲनिमेशनपटावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च झाले होते. पहिल्या तीन दिवसांत हाती आले सुमारे ५७ लाख. अमेरिकेतला एकूण गल्ला २ कोटी ३२ लाखांवर थांबला आणि सगळ्या जगाचा मिळून ३ कोटी १३ लाखांच्या आसपास. गल्ल्यातला मोठा वाटा थिएटरवाले ठेवून घेतात, हे लक्षात घेतले की हिशेब आणखी उघडा पडतो. चित्रपट साफ आपटला. पुढे त्याच चित्रपटाला ॲनिमेशन क्षेत्रातले नऊ ॲनी पुरस्कार मिळाले, कार्टून नेटवर्कने तो दिवसभर पुन्हापुन्हा दाखवण्याचा प्रघात पाडला, आणि २०१५ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, तो नव्या प्रतीसह थिएटरात परतला. ‘आधी उपेक्षा, मग कौतुक’ म्हणून ही गोष्ट सांगायची रीत आहे, पण ती मला अपुरी वाटते. थिएटरचा गल्ला आणि घरी विकल्या गेलेल्या कॅसेटी ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत. ते दोन वेगळे प्रश्नच आहेत, आणि मुलांच्या चित्रपटाच्या बाबतीत दुसरा अधिक मोलाचा आहे. तो विचारायची सोय मात्र आपण गेल्या पंधरा-वीस वर्षांत हातची घालवली आहे.

पहिल्या शुक्रवारचे तिकीट घेणाऱ्याने चित्रपट पाहिलेला नसतो. तो पैसे देतो ते पोस्टरला, ट्रेलरला, ओळखीच्या नावाला. त्यातून मुलांच्या चित्रपटाचे तिकीट मूल काढत नाही, आई-बाप काढतात, आणि ते बिचारे एकाच विचारात असतात: दीड तास हे कार्टे एका जागी बसेल का? ‘आयर्न जायंट’ असल्या गिऱ्हाइकाला विकायला अवघड होता. टेड ह्यूजच्या १९६८ सालच्या बालकथेवरून तो बेतलेला. दिग्दर्शक ब्रॅड बर्ड याचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. साल १९५७, आकाशात स्पुटनिक फिरतो आहे, मेन राज्यातल्या एका गावी होगार्थ नावाच्या मुलाला लोखंड खाणारा अवाढव्य यंत्रमानव सापडतो. मोटारींच्या भंगारात त्याचे पोट भरते. तो मुळात एक शस्त्र आहे, आणि आपण शस्त्र व्हायचे नाही हे ठरवणे एवढीच त्याची गोष्ट. गाणी म्हणणारी राजकन्या नाही, बोलका पोपट नाही, बाहुली करून खोक्यात घालून विकता येईल असे काहीच नाही. त्यात वॉर्नरचा आधीच्या वर्षीचा ‘क्वेस्ट फॉर कॅमेलॉट’ पडलेला, त्यामुळे स्टुडिओचा ॲनिमेशनवरचा जीवच उडाला होता. प्रदर्शनाची तारीख जेमतेम काही महिने आधी ठरली. खेळणी, खाऊची पाकिटे, हॉटेलांशी करार या साऱ्याला जो अवधी लागतो तो उरलाच नाही. तेव्हा ५७ लाख हा आकडा चित्रपट लोकांना आवडला की नाही हे सांगत नाही. चित्रपट आला आहे हे किती घरांत पोचले, तेवढेच तो सांगतो.

कॅसेटचे तसे नव्हते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात चित्रपटाच्या नव्या कॅसेटची किंमत ऐंशी-नव्वद डॉलरच्या घरात असे, कारण ती घरासाठी नसून भाड्याने देणाऱ्या दुकानासाठी असे. दुकानदार एक प्रत घेई आणि शेकडो वेळा भाड्याने देई. मोठ्यांच्या चित्रपटाला हे चालून जाई, कारण खून कोणी केला हे कळले की कॅसेट परत करायची. मुलांचे गणित उलटे. मुलाला शेवट माहीत असतो म्हणूनच तो पुन्हा बघायचा असतो. रोज उठून भाडे भरण्यापेक्षा पंचवीस डॉलरला कॅसेट विकत घेतलेली परवडली, हे घराघराला उमजले, आणि कंपन्यांनी मुलांच्या चित्रपटांच्या किमती त्या बेताने खाली आणल्या. गंमत अशी की या धंद्यात सर्वांत गब्बर झालेल्या डिस्नेने १९७६ साली युनिव्हर्सलच्या जोडीने सोनीवर खटला भरला होता. घरी रेकॉर्डिंग करणारे यंत्र चित्रपटधंदा बुडवील, असे त्यांचे म्हणणे. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो खटला सोनीच्या बाजूने निकालात काढला. त्यानंतर अकरा वर्षांनी ‘द लायन किंग’ची कॅसेट निघाली आणि तीन कोटींहून अधिक खपली. इतका फायदेशीर पराभव थोड्यांच्या वाट्याला येतो.

त्या कॅसेटी आठवून पाहाव्यात. पांढऱ्या, जाड, किंचित मऊ प्लॅस्टिकचा डबा, इतर कॅसेटींपेक्षा रुंद, मुलाच्या हाताला सहज उघडणारा. आतली फीत ठरावीक जागी झिजलेली. मुलाने जो प्रसंग पुन्हापुन्हा मागे फिरवून पाहिला, तिथे पडद्यावर पांढऱ्या रेघा धावू लागत. कोणत्याही बाजार-पाहणीपेक्षा त्या रेघा बोलक्या होत्या. कॅसेट घेणारा बहुधा चित्रपट पाहून झालेला असे, थिएटरात किंवा शेजारी किंवा भाड्याने. म्हणजे पहिले तिकीट न बघता घेतलेले, कॅसेट बघून घेतलेली. हा फरक मला निर्णायक वाटतो. ‘आयर्न जायंट’ची कॅसेट आणि डीव्हीडी त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला आली. या वेळी मात्र वॉर्नरने थिएटरच्या वेळी न केलेली जाहिरात आणि जोडउत्पादनांची तजवीज केली. चूक कुणाची होती, याची यापेक्षा सरळ कबुली कंपनीकडून मिळत नसते.

खरे तर दुसरी संधी ही कल्पना कॅसेटच्याही आधीची. डिस्नेचा ‘पिनोकिओ’ फेब्रुवारी १९४० मध्ये लागला तेव्हा युद्धामुळे युरोपचा बाजार बंद होता आणि तो तोट्यात गेला. कंपनीने तो १९४५ साली पुन्हा लावला, पुढेही लावत राहिली. साधारण सात वर्षांनी जुना चित्रपट नव्या पिढीपुढे आणायचा, असा तिचा शिरस्ताच पडला. सात वर्षांत प्रेक्षक बदलत नाहीत, पण मुले पूर्ण बदलतात, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. कॅसेटने हे चक्र घरात आणले, इतकेच.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. घरी शंभर वेळा चित्रपट लागतो तो प्रेमाने नव्हे, आईला भाजी चिरायला वेळ मिळावा म्हणून. कॅसेटचा खप हा दर्जाचा पुरावा मानायचा तर १९९४ सालच्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’चे काय करायचे? ‘अलादीन’चा हा दुसरा भाग टीव्ही विभागाने स्वस्तात केलेला. मूळ चित्रपटात जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाज होता, इथे तोही नाही. थिएटरचे तोंड न बघता तो थेट कॅसेटवर आला आणि दीड कोटींच्या आसपास खपला. आक्षेपातला निम्मा भाग मी मान्यच करतो. कॅसेटचा आकडा नुसता घेतला तर तोही जाहिरातीचाच आकडा ठरतो. किंबहुना कधी तो आकडाच नसतो. ‘श्रेक २’ची डीव्हीडी २००४ च्या नोव्हेंबरात आली तेव्हा ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने दुकानांत ढीग ओतले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला न खपलेल्या प्रती परत येऊ लागल्या, कंपनीचा नफा अंदाजापेक्षा खाली आला आणि शेअर घसरला. दुकानात गेलेली प्रत आणि घरात गेलेली प्रत यांत अंतर असते, हे तेव्हा सगळ्यांना कळले. पण ‘जाफर’ खपला तो कशाच्या जोरावर? ‘अलादीन’ने कमावलेल्या विश्वासाच्या. ती उधारी होती. म्हणून पाहायचे ते पहिल्या आठवड्याच्या खपाकडे नव्हे, पाचव्या-दहाव्या वर्षाकडे. ‘अलादीन’ तेव्हाही मागितला जातो, ‘जाफर’ला फारसे कोणी विचारत नाही. राहिला भाजी चिरण्याचा मुद्दा. मूल गप्प बसावे म्हणून आई चित्रपट लावते हे खरे, पण कोणता लावायचा हे मूलच ठरवते, आणि नको असलेला लावून पाहावा म्हणजे घरात काय होते ते कळेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थिएटरात चाललेलेच चित्रपट घरीही चालतात. ‘फाइंडिंग निमो’ २००३ च्या मेमध्ये लागला, पहिल्याच आठवड्याच्या शेवटी त्याने ७ कोटी डॉलर मिळवले. नोव्हेंबरात डीव्हीडी आली, ती पहिल्या दिवशी ८० लाख खपली आणि आजवरच्या सर्वाधिक खपलेल्या डीव्हीडींत तिचे नाव घेतले जाते. ‘लायन किंग’चेही तसेच. मग ‘आयर्न जायंट’सारख्या अपवादावर एवढी इमारत कशाला? याला उत्तर असे, की दोन साक्षीदार बहुतेक वेळा सारखेच बोलतात म्हणून दुसरा निरुपयोगी ठरत नाही. ते वेगळे बोलतात तेव्हाच त्याची किंमत कळते. हेही मान्य केले पाहिजे की दुसऱ्याची साक्ष उशिरा येते, आणि ज्यांना ती हवी होती ते तोवर पांगलेले असतात. वॉर्नरचा ॲनिमेशन विभाग आटत गेला. बर्ड पिक्सारमध्ये गेला आणि २००४ साली त्याने ‘द इन्क्रेडिबल्स’ काढला. कॅसेटने चित्रपट वाचवला, स्टुडिओ नाही.

आपल्याकडे तर कॅसेट विकत घेण्याची चालच फारशी नव्हती. लायब्ररीतून भाड्याने आणायची किंवा केबलवाल्याच्या मर्जीवर राहायचे. तरी साक्षीदार होताच. जपानी दिग्दर्शक युगो साको याने मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेल्या राम मोहन यांना सोबत घेऊन ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा चित्रपट केला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो तयार झाला, महोत्सवात दाखवला गेला, पण थिएटरात त्याला धड जागा मिळाली नाही. मग तो टीव्हीवर येत राहिला. त्या काळातली मुले मोठी झाली आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीतून देशभर थिएटरांत लागला. तिकीटबारीच्या कोणत्याही जुन्या कागदावर या प्रेक्षकाची नोंद सापडली नसती.

आता स्ट्रीमिंग. इथे कोणी म्हणेल, की पूर्वी फितीवरच्या रेघा मोजाव्या लागत, आज मिनिटामिनिटाची नोंद आहे. खरे आहे. ‘एन्कान्टो’ २०२१ च्या नोव्हेंबरात थिएटरात लागला, जगभरातून सुमारे २५ कोटी ६० लाख डॉलर मिळवून मागे पडला, आणि महिनाभराने, २४ डिसेंबरला, डिस्ने प्लसवर आल्यावर घराघरात पोचला. त्यातले ब्रुनोचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन संस्थेच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये अमेरिकेत तो २७ अब्ज मिनिटांहून अधिक पाहिला गेला. २०२३ साली सर्वाधिक पाहिलेल्या चित्रपटाचा मान ‘मोआना’ला मिळाला, ११ अब्जांहून अधिक मिनिटे, आणि तो तर सात वर्षांपूर्वीचा चित्रपट. सात वर्षांचे चक्र पुन्हा दिसले म्हणायचे. नोंद भरपूर आहे. हरवली आहे ती खरेदी. महिन्याचे पैसे भरलेल्या घरात मूल ‘एन्कान्टो’ शंभराव्या खेपेला बघते, तेव्हा त्या चित्रपटाच्या नावे एक सेंटही वेगळा जमा होत नाही. कॅसेटचेही तसेच होते, शंभरावी खेप फुकटच असे, असे कोणी म्हणाले तर ते बरोबर आहे. पण कॅसेट घेताना त्या शंभर खेपांची किंमत आधीच मोजलेली असे, आणि ती त्या एका चित्रपटाच्या खात्यावर पडे. वर्गणीत चित्रपटाचे नावच पुसले जाते.

याचा परिणाम काय होतो तो ‘मोआना’तच दिसला. घरच्या प्रेक्षकाची ही चिकाटी पैशात आणायचा एकच रस्ता उरला: दुसरा भाग. स्ट्रीमिंगसाठी मालिका म्हणून सुरू झालेले काम २०२४ च्या फेब्रुवारीत चित्रपट म्हणून जाहीर झाले आणि नोव्हेंबरात लागलेल्या ‘मोआना २’ने जगभरात एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. धंदा म्हणून हे शहाणपणाचे. पण कॅसेटच्या काळात घरच्या पैशाची आशा नव्या, अनोळखी, पोस्टरवर न मावणाऱ्या कथेलाही धीर देत असे. थिएटरात नाही तर घरी भरून निघेल, असा हिशेब मांडता येई. आज ती आशा ओळखीच्या नावाकडेच वळते. पिक्सारचे ‘सोल’, ‘लुका’, ‘टर्निंग रेड’ हे तीन नवे चित्रपट अमेरिकेत थेट स्ट्रीमिंगवर गेले. मग २०२३ च्या जूनमध्ये ‘एलिमेंटल’ थिएटरात लागला. पहिल्या आठवड्याच्या शेवटी अमेरिकेत सुमारे ३ कोटी डॉलर, आणि त्या सोमवारी तो आपटल्याच्या बातम्या छापून आल्या. तो काढून न टाकता चालू ठेवला गेला, आणि जगभरातून जवळजवळ ५० कोटी डॉलर मिळवून थांबला. वाट पाहणे अजूनही फळते, फक्त वाट पाहणारा लागतो.

‘आयर्न जायंट’च्या शेवटच्या दृश्यात आइसलँडच्या बर्फावर त्याचे विखुरलेले तुकडे एकेक करून एका जागी सरकत येतात आणि त्याचे डोळे उघडतात. दुसऱ्या भागाला याहून सोपी वाट कोणत्याच चित्रपटाने ठेवली नसेल. वॉर्नरने तो अद्याप काढलेला नाही.