मला मिळालं, मी मिळवलं

शाळेत आमचे इंग्रजीचे सर निबंधातल्या प्रत्येक 'गॉट'खाली लाल रेघ ओढत. 'गॉट' बोलण्यापुरतं, लिहिताना 'ऑब्टेन्ड' लिहा, 'रिसीव्ह्ड' लिहा, असा त्यांचा दंडक. आम्ही इमानेइतबारे 'गेट'ला हद्दपार केलं. त्याचं फळ परवा दिसलं. शेजारच्या मुलाचा नोकरीचा अर्ज तपासत होतो, तर त्यानं दोन वर्षांचा अनुभव चक्क 'प्रोक्युअर' केला होता! प्रोक्युअर करतात सरकारी खाती: धान्य, औषधं, तीही निविदा काढून.

'गेट' इंग्रजीत आला व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. 'ऑब्टेन', 'अक्वायर', 'प्रोक्युअर' ही मंडळी लॅटिन कुळातली, १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर फ्रेंचच्या वाटेनं आलेली. पहिला बंदरात नि शेतात वावरलेला, बाकीचे दरबारी. लॅटिन कुळीच्या शब्दापेक्षा घरचा सॅक्सन शब्द बरा, असं फाउलर बंधूंनी १९०६ साली 'द किंग्ज इंग्लिश'मध्ये खुद्द इंग्रजांनाच बजावलं होतं. आमच्या सरांपर्यंत ते पोचलं नसावं.

पण माझं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'गेट' घ्या, 'गेन' घ्या की 'सिक्युअर', वाक्याच्या तोंडाशी 'मी' उभाच. मराठीत 'मला नोकरी मिळाली'. इथं कर्ता नोकरी. मी आपला चतुर्थीत, ओंजळ पुढे करून. हेच क्रियापद नदीलाही चालतं. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, तशीच पहिली तारीख आली की पगार आपल्याला मिळतो. खटपटीचं श्रेय घ्यायचंच तर 'मिळवली' आहे म्हणा, पण 'मी नोकरी मिळवली' म्हणताना जीभ जरा अडखळते; ऐकणाऱ्याला उगाच वशिल्याचा वास येतो. इंग्रजी अर्जात हा संकोच कामाचा नाही. मी त्या मुलाच्या वाक्यात 'गेन्ड' लिहून दिलं. अनुभव हळूहळू साठतो, त्याला ते शोभतं. मुलगा मात्र खट्टू झाला. शब्द फारच आखूड वाटला त्याला.

'अक्वायर'ची गोष्ट इतकी हसण्यावारी नेता येत नाही. सरकार जमीन 'अक्वायर' करतं. १८९४च्या कायद्याच्या नावातच ते होतं. २०१३च्या नव्या कायद्याच्या नावात 'वाजवी भरपाई' आली, 'अक्विझिशन' मात्र राहिलंच. मराठी नोटिशीत त्याचं 'संपादन' होतं. ज्ञान संपादन करावं, विश्वास संपादन करावा, त्याच चालीवर सातबारा. ज्याच्या नावावर तो सातबारा होता, त्याच्या तोंडी यातला एकही शब्द नसतो. कोयनेकाठचा माणूस म्हणतो, "धरणात जमीन गेली." घेणारा त्या वाक्यात कुठेच नाही.

आणि मोबदल्याचं विचारलं, तर म्हणतो, "मिळंल की."