कासवाच्या ताटातलं तण

'तण खाई धन' ही म्हण शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र हेच तण वाळवून, पाकिटात भरून विकलं जातं आणि लोक ते पैसे मोजून घेतात. हे गिऱ्हाईक म्हणजे कासवं पाळणारी माणसं. तिथे हर्मन्स किंवा स्पर-थाय्ड ही भूमध्य समुद्राकाठची कासवं घरोघरी पाळतात. उन्हाळ्यात डँडेलायन, मॅलो, रिबवर्ट असा पाला बागेत फुकट मिळतो. हिवाळ्यात जी कासवं शीतनिद्रेत न जाता घरात दिव्याखाली राहतात, त्यांच्यापुढे प्रश्न उरतो: वाळलेलं तण भिजवून द्यायचं, की कारखान्यात बनलेल्या तयार गोळ्या?

तणाच्या बाजूचे लोक म्हणतात, हे नैसर्गिक आहे. तणात तंतू भरपूर आणि प्रथिनं कमी, आणि या कासवांचं आतडं त्यासाठीच घडलंय, हे खरंच. पण पेटीत, अतिनील दिव्याखाली जगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत 'नैसर्गिक' हा शब्द किती ताणायचा? गोळ्यांमध्ये कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. मात्र काही गोळ्यांत धान्याचा पिठूळपणा जास्त असतो आणि त्या पोटभर दिल्या तर कासव नको तितक्या वेगाने वाढतं. म्हणजे 'निसर्ग की कारखाना' हा प्रश्नच चुकीचा आहे. शरीराला काय लागतं, ते बघायला हवं.

आणि ते बघणं सोपं नाही. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर उंचवटे येतात. त्याचा दोष बरीच वर्षं जास्त प्रथिनांना दिला जायचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकन कासवांच्या पिल्लांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की कोरडी हवा हे त्याहून मोठं कारण आहे. ताटाची काळजी घेणाऱ्या कित्येकांनी हवेकडे पाहिलंच नसणार. प्रेम होतं, माहिती अपुरी होती, आणि ती किंमत कासवाने मोजली.

कुत्रा विव्हळतो, मांजर ताट सोडून निघून जातं. कासव मात्र त्याला न मानवणारं गोड केळंही आवडीने खातं. त्याची आवड म्हणजे त्याची संमती नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं तर मध्यरात्री अलर्ट येतो. इथे अलर्ट येतो तो काही वर्षांनी, कवचाच्या आकारातून, आणि तेव्हा मागे जाता येत नाही. रानातलं कासव फिरून फिरून अनेक वनस्पतींतून आपलं अन्न निवडतं. पेटीतल्या कासवाची निवड एकच हात करतो. ज्याची निवड आपण काढून घेतली, त्याच्या वतीने नीट निवडण्याचं ओझं आपल्यावरच येतं.

मग मुळात पाळावंच का? भारतात तरी या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलंय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपलं तारा कासव घरी ठेवणं गुन्हा आहे. २०१९ साली त्याला 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळपास बंद केला गेला. तरी लक्ष्मी येते म्हणून ते घरात ठेवलं जातं, परदेशी चोरून जातं. अशा कासवाला कितीही उत्तम चारा घातला, तरी ते पकडण्याचा अन्याय धुतला जात नाही. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. जप्त झालेल्या कासवाला आज खायला हवंच. ते कुणी पकडलं याचा हिशोब वेगळा, आजचा चारा वेगळा.

सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं महाकाय कासव १८८२ साली आणलं गेलं. त्याचा जन्म साधारण १८३२चा धरतात. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, वास येईना, चोच बोथट झाली. तेव्हा तिथल्या पशुवैद्यांनी आठवड्यातून एकदा त्याला हाताने फळं-भाज्या भरवायला सुरुवात केली, आणि चोच पुन्हा धारदार झाली. त्याला बेटावर आणणारं कुणीच तेव्हा जिवंत नव्हतं. दुसऱ्यांनी केलेलं कर्ज ही माणसं फेडत होती.

आज पंचविशीत कुणी कासवाचं पिल्लू घेतलं, तर ते मालकाच्या मागे राहण्याची शक्यता चांगलीच आहे. तण की गोळ्या, हे आठवडाभर वाचलं तर समजेल. घेण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: २०८० साली याचं तण कोण भिजवणार आहे, आणि त्या माणसाला आपण विचारलंय का?