वेगनियंत्रक आणि तक्वा

ज्याला वेगाने जाताच येत नाही, त्याच्या संथ चालण्याला संयम म्हणावे काय?

अमेरिकेतील अनेक बड्या वाहतूक कंपन्या आपल्या ट्रकच्या इंजिनावर मर्यादा घालून ठेवतात. चालकाने पेडल कितीही दाबले, तरी वाहन ताशी सुमारे ६५ मैलांच्या, म्हणजे १०५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. नव्या अवजड वाहनांना अशी सक्ती करण्याचा प्रस्ताव तेथील सरकारने २०१६ साली मांडला. त्याचा कायदा मात्र झाला नाही. आपल्या देशात २०१५च्या अधिसूचनेने बहुतेक मालवाहू वाहनांसाठी ८० किलोमीटरची मर्यादा ठरवली.

या बंधनामागील हेतू उघड आहे. तेथील भरलेल्या ट्रकचे वजन ३६ टनांपर्यंत असते आणि वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. वेगनियंत्रक हा तसाच दोर होय. रस्त्यावरील इतरांचे प्राण ही अमानत आहे. ती एका माणसाच्या त्या क्षणीच्या मनःस्थितीवर सोडून देणे योग्य नव्हे.

परंतु यंत्राला एकच आकडा ठाऊक असतो. धुके, निसरडे वळण, शाळेसमोरून जाणारी मुले त्याला दिसत नाहीत. मर्यादेच्या आत राहूनही माणूस कोणाचा तरी जीव घेऊ शकतो. हजरत लुकमान यांनी पुत्राला चालीत मध्यममार्ग राखण्याचा उपदेश केला, तो येथे आठवावा. जेथे यंत्राचा धाक संपतो, तेथे तक्वाची खरी कसोटी लागते.

जबाबदारी एकट्या चालकाचीही नाही. अमेरिकेत पुष्कळ चालकांना मैलांच्या हिशेबाने मोबदला मिळतो आणि दिवसाला ११ तासांहून अधिक वाहन चालवता येत नाही. वेग घटला की मैल घटतात, मैल घटले की कमाई घटते. कंपनीने वेग कमी केला, पण माल पोहोचवण्याची वेळ तीच ठेवली, तर तो वेळ चालक कोठून काढणार? गावातल्या रस्त्यावर घाई करून, किंवा जेवण आणि विश्रांती टाळून. प्रत्येक जण आपल्या अधीन असलेल्यांचा रखवालदार आहे व त्याला त्याबद्दल जाब द्यावा लागेल, ही शिकवण मालकालाही लागू आहे. ज्याने वेग ठरवला, त्याने वेळ आणि मोबदलाही न्यायाने ठरवावा.

आता आरंभीचा प्रश्न. मर्यादा मनापासून स्वीकारणारा आणि ती चरफडत सोसणारा, दोघांचे ट्रक एकाच वेगाने धावतात. लोकांना त्यांतला फरक दिसत नाही. नीयत जाणणाऱ्या अल्लाहला तो दिसतो. म्हणून घरातील चालकाला “अजून किती वेळ?” असे विचारण्यापूर्वी आपणही थांबावे. अल्लाह तआला आपणा सर्वांना इतरांच्या प्राणांची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.