वैषम्याचं माप

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर आरोप येतो: कुणी सुखात, कुणी हालात, म्हणजे निर्माता पक्षपाती आणि वर निर्दय. शंकराचार्यांचं भाष्य त्याला सोडवतं ते कर्माच्या आधारावर. ज्याचं जसं कर्म तसं तो देतो, आणि कर्माला आरंभ नाही. आमचे अण्णा दर चातुर्मासात हे अधिकरण वाचतात आणि दर वेळी त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. मी फ्लो सायटोमीटर चालवते.

लेझरसमोरून एकेक पेशी जाते, तिची चकाकी नोंदली जाते. दहा हजार पेशी झाल्या की पडद्यावर टेकडी उभी राहते. डॉक्टरांना तिचं शिखर हवं असतं. माझी नजर रुंदीवर. एकाच पेशीपासून वाढवलेल्या, एकाच फ्लास्कमधल्या पेशींत एवढा फरक का?

प्रमाण विचलन भागिले सरासरी, म्हणजे सीव्ही. पण थोडे डब्लेट, म्हणजे चिकटून एक म्हणून मोजल्या गेलेल्या दोन पेशी, उजवीकडे गेले तरी हा आकडा फुगतो. म्हणून मी रोबस्ट सीव्ही घेते: ८४.१३ आणि १५.८७ या शतमकांमधलं अंतर, त्याचं निम्मं, भागिले मध्यक. (रंगांची सरमिसळ वजा करणाऱ्या कॉम्पेन्सेशननंतर मध्यक शून्याजवळ आला असेल तर हा भागाकार करू नये. लोक करतात.) त्यातही यंत्राचा वाटा असतोच, एकसारखे बीड्स सोडले तरी टेकडीला रुंदी येते. समजा बीड्सचा सीव्ही ३ टक्के आणि पेशींचा ५. मग पेशींचा स्वतःचा २ नव्हे, ४: पंचवीसातून नऊ वजा, त्याचं वर्गमूळ. दोन्ही कारणं स्वतंत्र हवीत, एवढीच अट.

इथवर अण्णा खूश. पाहणाऱ्याचा दोष काढून टाकला, उरलं ते ज्याचं त्याचं संचित. पेशी लहान की मोठी, विभाजनाच्या अलीकडे की पलीकडे, सगळा तिचा पूर्वेतिहास.

अडतं ते पुढे. २००२ साली मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूत दोन जनुकं घातली. दोघांचे प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारे भाग, एकसारखे. एकाचं प्रथिन निळसर चमकणारं, दुसऱ्याचं पिवळं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काही पेशींत निळं वरचढ, काहींत पिवळं. पेशी तीच, तिचा इतिहास तोच, अन्नही तेच, आणि तरी दोघांचं जमत नाही. मोजक्या रेणूंचा कारभार असला की कोण कधी कुणावर आदळेल याला नियम उरत नाही.

अण्णांना म्हटलं, या दोघांचं कर्म कुठे वेगळं झालं? “जनुकाला जीव नाही, त्याला कसलं कर्म?” चोख उत्तर. पण जिवाचं शरीर जनुकाच्याच हाती आहे की. “तुला कारण दिसत नाही, म्हणजे ते नाही असं नव्हे.” हेही खरं. फक्त, कर्माची अनादि वही कुठल्याही फरकाला पुरते. कुठलाच फरक तिला खोटं पाडू शकत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

ल्युकेमियाच्या नमुन्यामागून कधी आई येते आणि विचारते, आमच्या हातून काय पाप घडलं? अण्णांच्या हिशेबात या प्रश्नाला जागा आहे. माझं उत्तर: काही नाही. अण्णा म्हणतात, त्याने ईश्वर काही निर्दोष ठरत नाही.

नाहीच ठरत.