काही घडत नाही

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी मी एकदा तीन शब्द बोललो: 'काही घडत नाही.' त्याला चार महिने झाले. अजून ते शब्द मनातून जात नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे आम्ही नेहमीचे पाच-सात जण जमतो. कुणी पुस्तक बदलायला येतं, कुणी पेपर चाळायला. उभ्या-उभ्याच बोलणं होतं. काय वाचलं, कसं वाटलं. त्या बोलण्यात माझ्या मताला थोडा मान आहे. हा माणूस बरंच वाचतो, अशी लोकांची समजूत आहे आणि ती समजूत मला आवडते. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या आवडीतूनच आलं आहे.

त्या दिवशी एक तरुण मुलगा 'बनगरवाडी' हातात घेऊन उभा होता. "काका, कशी आहे?" त्याने विचारलं. मी ती आदल्याच आठवड्यात परत केली होती. म्हणालो, "माडगूळकरांची भाषा छान आहे, पण काही घडत नाही त्यात." त्याने पुस्तक परत ठेवलं आणि एक रहस्यकथा घेऊन गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर, कुणीतरी आपलं ऐकलं म्हणून बरंच वाटलं.

पुढे ग्रंथपाल बाईंकडून कळलं. त्या मुलाला शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली होती, जतच्या बाजूला, एका वस्तीवरच्या शाळेत. जाण्याआधी 'बनगरवाडी' वाच, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. 1955 साली आलेली ती कादंबरी तशाच एका तरुण मास्तराची आहे. औंध संस्थानातल्या, धनगरांच्या एका वाडीवर तो शाळा चालवायला जातो. म्हणजे त्या मुलाला ज्या वेळी ते पुस्तक हवं होतं, नेमकं त्याच वेळी ते मी त्याच्या हातातून सोडवलं.

घरी आल्यावर मी माझं वाचनालयाचं कार्ड काढून पाहिलं. पुस्तक घेतलं शुक्रवारी, परत केलं सोमवारी. मधल्या शनिवारी एक लग्न होतं. म्हणजे ती कादंबरी मी एसटीत वाचली होती. जाताना निम्मी, येताना निम्मी, मध्ये शेजारच्याशी गप्पा आणि फोन. शेवटची पानं तर नुसती उलटली होती, कारण सोमवारी नवीन पुस्तक घ्यायचं होतं. महिन्याला किती पुस्तकं झाली, याचा आकडा मी मनाशी ठेवतो. हा आकडा कुणासाठी? मला कुणी विचारलेला नाही.

मग ती पुन्हा आणली. रोज रात्री थोडी थोडी वाचली. मास्तर वाडीत येतो, मुलं मेंढरांमागे असतात, शाळा ओस. हळूहळू कारभारी, आयबू अशी माणसं त्याला आपला मानू लागतात. सगळी वाडी राबून तालीम उभी करते. त्यानंतर दुष्काळ पडतो. जित्राबं मरू लागतात आणि माणसं पोटासाठी वाट फुटेल तिकडे निघून जातात. शेवटाशी आलो तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो. एक अख्खं गाव उठून जातं, आणि मी म्हणालो होतो, काही घडत नाही!

हे एकदाच झालं असतं तर घाई म्हणून सोडून दिलं असतं. पण एकदा आठवायला लागलो तसं बरंच काही वर आलं.

'कोसला'चंच घ्या. 1963 सालची नेमाड्यांची ही कादंबरी वाचली नाही असं म्हणायची मला लाज वाटायची. कॉलेजात असताना पुण्याच्या होस्टेलचा भाग वाचून मी ती खाली ठेवली होती. पण नंतर कितीतरी वर्षं तिच्याबद्दल बोलत राहिलो. एकदा एक मित्र नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या पानांबद्दल सांगत होता. त्याचा आवाज जड झाला होता. मी मान हलवली, जणू मीही तिथून जाऊन आलो आहे. तो त्याचं दुःख माझ्याशी वाटून घेत होता आणि मी वाचलेल्याचं सोंग करत होतो. पुढे ती पानं खरोखर वाचली तेव्हा त्याचा तो चेहरा आठवला. त्याला फोन करून सांगावंसं वाटलं. अजून सांगितलेलं नाही.

नारायण धारपांच्या बाबतीत मी याच्या नेमकं उलट वागलो. त्यांची एक भयकादंबरी मी दोन रात्रींत संपवली. दुसऱ्या रात्री मागच्या दाराची कडी पुन्हा एकदा उठून पाहिली आणि पॅसेजमधला दिवा चालू ठेवून झोपलो. शब्दांनी एवढी भीती घालणं सोपं नाही, हे मला त्या रात्री कळत होतं. पण टेबलापाशी विचारल्यावर म्हणालो, "वेळ घालवायला ठीक आहे." घाबरलो होतो हे सांगायला जीभ का वळली नाही? भयकथा, गुप्तहेरकथा हे खालच्या पायरीवरचं वाचन, असं कधीतरी मनात बसलं आहे म्हणून? लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडनेच मला वाचनाची गोडी लावली. ज्या पायरीवरून चढलो, तिच्यावर उभं असलेलं कुणी पाहू नये, असं मला वाटत होतं.

नारळीकरांच्या 'वामन परत न आला'बद्दल मी म्हणालो, "पात्रं ठसठशीत नाहीत." ते माझं मत असेलही. पण त्याआधी घडलं ते असं, की विज्ञानाचा भाग मला नीट समजला नाही आणि ती पानं मी ओलांडून गेलो. 'मला समजलं नाही' हे वाक्य तोंडातून निघेना, म्हणून पात्रांकडे बोट दाखवलं.

न वाचता केलेली स्तुती, आवडूनही केलेली टाळाटाळ, न समजल्यावर काढलेली खोट. बाहेरून ही तीन वेगळी मतं दिसतात. पण तिन्हींमध्ये पुस्तक कुठे आहे? तिन्ही वेळा मी फक्त मी कसा दिसतो तेवढंच पाहत होतो.

मग वाटतं, मी उगाच फार ताणतो आहे का? उभ्या-उभ्या दिलेलं मत ते. दरवेळी तोलूनमापून बोलायला आम्ही काही समीक्षक नाही. पुस्तकं अशा सहज बोलण्यातूनच एका हातातून दुसऱ्या हातात जातात. त्या मुलालाही कुणीतरी सहजच सांगितलं असेल ना, 'बनगरवाडी' वाच म्हणून? ते सहज बोलणं त्याला पुस्तकापर्यंत घेऊन आलं, माझ्या सहज बोलण्याने त्याला परत पाठवलं. म्हणजे दोष सहजपणाचा नसावा.

नावडण्याचाही नसावा. मोठ्या नावाच्या काही कादंबऱ्या मला शेवटपर्यंत सावकाश वाचूनही आवडल्या नाहीत. ते सांगायला मला आजही संकोच वाटत नाही, कारण तिथे मी पुस्तकाला माझा वेळ दिलेला होता.

दोष असलाच तर इथे असावा: माझी घाई मी पुस्तकाच्या माथी मारली. 'मला कंटाळा आला' आणि 'पुस्तक कंटाळवाणं आहे' ही वाक्यं मी एकाच अर्थाने वापरत आलो. पहिल्या वाक्यात 'मला' आहे. तो कंटाळा कुठून आला, एसटीतल्या गर्दीतून, थकव्यातून की खरंच पुस्तकातून, हे शोधायला त्यात जागा राहते. दुसऱ्या वाक्यात मी नाहीच. तिथे थेट निकाल आहे, आणि ऐकणारा तो विश्वासाने घेऊन जातो.

म्हणून हल्ली 'मला' म्हणून बघतो. तेही पूर्ण खरं आहे की नाही, ठाऊक नाही. 'मला वाटलं' म्हणून हात झटकता येतात, हेही लक्षात आलं आहे. त्यामुळे कुठे वाचली, किती वाचली, कुठली पानं सोडली, हे जमेल तसं सोबत सांगतो. सांगताना अजून अवघड जातं. मागच्याच आठवड्यात अर्ध्यावर सोडलेल्या एका कादंबरीबद्दल 'वाचली' म्हणून मोकळा झालो, आणि जिना उतरताना लक्षात आलं. परत वर गेलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुलगा वाचनालयात भेटला. शाळेत एकवीस मुलं आहेत म्हणाला. दिवाळीनंतर त्यातली निम्मी ऊसतोडीला जातील, आईबापांबरोबर. हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला त्या रिकाम्या झालेल्या वाडीबद्दल सांगावंसं वाटलं. शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण ती वाट त्याची त्यानेच चालायची होती. म्हणालो, "मागे मी तुला 'बनगरवाडी'बद्दल बोललो होतो. ती मी तेव्हा नीट वाचली नव्हती. शेवटची पानं वाचलीच नव्हती."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मांडणीकडे गेला.