आईचा देव आणि मुलाचं हसू

मुलांना देव शिकवायचा की नाही, हा प्रश्न आमच्या पिढीला साधारण एकोणतिसाव्या वर्षी अचानक पडतो. तोवर देव हा आईवडिलांच्या खात्यातला विषय असतो. मग कुणाच्या तरी घरी बाळ येतं आणि बारसं करायचं की नाही, कुठल्या पद्धतीने करायचं, चर्चमध्ये न्यायचं की देवळात, यावर दोन शहाणी माणसं आठवडाभर अबोला धरतात. आंतरधर्मीय लग्न असेल तर दोन्हीकडचे आजीआजोबाही रिंगणात उतरतात. शेवटी कुणीतरी तोडगा काढतं : "काहीच शिकवायला नको. अठराव्या वर्षी ते स्वतः ठरवेल."

हा तोडगा मला सुरुवातीला फार पटायचा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे निवड वापरणाऱ्यावर सोपवणं मला सभ्यपणाचं वाटतं. पण याच कामातून एक गोष्ट पक्की कळली आहे. कुठल्याही ॲपमध्ये तुम्ही काहीच निवडलं नाही तरी काहीतरी सेटिंग असतंच. ते आधी कुणीतरी ठरवलेलं असतं आणि बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. मुलांचंही तसंच आहे. देव न शिकवणं हीसुद्धा एक शिकवण असते. मूल आपल्याकडे बघत असतं. आपण कशापुढे गप्प होतो, कशाला घाबरतो, कुणाच्या घरचं पाणी पितो, हे सगळं ते टिपत असतं. भाषा शिकवण्याआधी आपण त्याची परवानगी घेत नाही, तशीच याचीही घेत नाही.

म्हणजे द्यायचं की नाही, हा प्रश्न खरा नाहीच. दिलं तर जातंच. ते कसं द्यायचं, हा प्रश्न आहे.

घरात श्रद्धा किती जुनी आहे, हे बघायचं तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पात्रात जपून ठेवलेली स्त्रीमूर्ती सापडली. तिला डोकं नाही. सोबत मातीचाच बैल. आणि अनेक घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत तान्हं मूल. त्या लोकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या मूर्तीला ते काय म्हणायचे हे कळायला मार्ग नाही. पण मेलेलं मूलही घराबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत ठेवणारी माणसं होती ती. श्रद्धा आणि घर या दोन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत. त्या घरात वाढणाऱ्या पोराला "अठराव्या वर्षी ठरव" असं कोण आणि कसं सांगणार?

आता तीन हजार वर्षं पुढे येऊ आणि शेजारच्या दौंड तालुक्यात जाऊ. तिथे केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई म्हटलं की आपल्याला संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणारी बाई आठवते. त्या आई होत्या, हे सहसा आठवत नाही. मनोरमा १८८१ मध्ये जन्मली, पुढच्याच वर्षी रमाबाईंचे पती गेले आणि १८८३ मध्ये ही विधवा लहान मुलीला घेऊन इंग्लंडला पोचली. वाँटेजला अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आईने विचार करून धर्म स्वीकारला. मुलगी अडीच वर्षांची होती. तिला कुणी विचारलं नाही, विचारणं शक्यही नव्हतं.

इथपर्यंत गोष्ट नेहमीची आहे. पुढे ती वेगळी होते. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून मोठा वाद झाला. मुद्दा असा की मनोरमाला धर्माबद्दल काय शिकवायचं हे कोण ठरवणार. सिस्टरच्या दृष्टीने बाप्तिस्मा झाला, म्हणजे ती जबाबदारी आता चर्चची होती. रमाबाईंना ते मान्य नव्हतं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली ती देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जी शिकवण आपल्यालाच अजून पटलेली नाही ती मुलीच्या गळी उतरवायची नाही, हाही आग्रह होता.

या पत्रव्यवहारात मला सगळ्यात आवडते ती रमाबाईंची चेष्टा. त्या शाकाहारी राहिल्या, अंडी घातलेलं पुडिंगही खात नसत. हा जातीचा जुना अभिमान आहे, असा आरोप झाला. त्यावर त्यांनी लिहिलं की हवं तर माझा गर्व पुडिंगमध्ये शोधा, दुधालोण्यात शोधा, बुटामोज्यांत शोधा, मी रोज जाळते त्या ढीगभर कोळशातही शोधा. आणि मग साधा सवाल : एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि कुणाला त्रास न देणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला राहणारी, नुकती ख्रिस्ती झालेली बाई हे लिहीत होती. तिने येशू सोडला नाही आणि येशूच्या नावाने पुडिंग खायला लावणाऱ्यांना हसायचंही सोडलं नाही.

म्हणजे श्रद्धा देणं वेगळं आणि श्रद्धेची किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन टाकणं वेगळं. इथवर मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. पण त्यांच्याच आयुष्यात याला छेद देणारी गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथे धर्मप्रसार करायचा नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. कुणाला बोलवत नसत, येणाऱ्याला अडवतही नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

विरोधकांचे हेतू काहीही असोत, त्यांच्या आक्षेपात एक खरा प्रश्न होता. ज्या मुलीला जगात दुसरा थारा नाही, जिला या बाईने अन्न, अक्षर आणि माया दिली, तिच्यासाठी ते उघडं दार खरंच नुसतं उघडं होतं का? ती मोकळेपणाने आत गेली की मायेच्या ओढीने? आईच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. कारण मूल आईवर त्या मुलींहूनही जास्त अवलंबून असतं. आई कितीही उदार असो, तिचा नुसता चेहरा हाच केवढा दबाव असतो. "मी कधी जबरदस्ती केली नाही," असं सगळ्याच आया म्हणतात, आणि ते बहुतेकदा खरंही असतं. तेवढ्याने भागत नाही, एवढंच.

मग काय केलं म्हणजे भागतं? मला वाटतं, याचं अर्धंमुर्धं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे.

त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. मुलगा दत्तू लहान होता. त्याला घेऊन त्या काही वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या. नंतर नवऱ्याकडे नगरला आल्या, पण स्वतःची चूल आणि पाणी वेगळं ठेवून. सोवळं त्यांना घरातूनच मिळालं होतं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे वडील ज्या घरात असतात, तिथे पोरीचं 'डिफॉल्ट सेटिंग' काय असणार? पुढे त्यांनी स्वतःच बसून विचार केला, माणसामाणसांत हा भेद देवाने केला की माणसाने, आणि त्यांचं सोवळं सुटलं. आधी ते सुटलं, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा. 'स्मृतिचित्रे'चं जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये आलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, 'मी मागोमाग येते'. नाव गोड आहे, पण पुस्तकातली बाई मागोमाग जात नाही. ती थांबते, भांडते, रडते, स्वतःच्या वेळेला पोचते.

आणि हे सगळं ती हसत सांगते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र आजही वाचावंसं वाटतं, ते या हसण्यामुळे. वडिलांच्या सोवळ्याला ती हसते. घरखर्चाचे पैसे दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या, क्षणात भडकणाऱ्या आणि क्षणात विरघळणाऱ्या नवऱ्याला हसते. सगळ्यात जास्त स्वतःला हसते. ज्या सोवळ्यापायी तिचा संसार जवळजवळ मोडला होता, त्यालाही. या हसण्यात हिशेब चुकता करायचा नसतो. ज्याला हसते त्याच्यावर तिचं प्रेम असतं, हे वाचणाऱ्याला कळतं.

असं हसणं मुलासाठी काय करतं? आई आपल्याच नेमधर्मावर हसली की मुलाला दोन गोष्टी कळतात. एक, आईचा देव इतका तकलादू नाही की हसल्याने तडकेल. दुसरी, आई आणि तिची श्रद्धा एकच नाहीत. श्रद्धेवर प्रश्न विचारला तर आई नाकारल्यासारखं होणार नाही. ही दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. उघडं दार पुरत नाही, कारण मुलाला दाराची भीती नसतीच. बाहेर पडलो तर आई तुटेल, ही भीती असते. हसणारी आई ती भीती थोडी कमी करते.

यावर कुणी म्हणेल, हसता हसता श्रद्धाच पातळ होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसं दिसत नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य सुरुवातीलाच अडलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने ते हाती घेतलं आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. मुलगा देवदत्त मोठेपणी लेखक झाला. पंडिता रमाबाईंचं मराठी चरित्र लिहिणारा तोच.

मात्र हसण्यालाही हद्द आहे. दुसऱ्याच्या देवाला हसणं हे वेगळंच काम आहे. त्याला धैर्य लागत नाही आणि घरातली मुलं ते फार लवकर शिकतात. आणि काही प्रसंगी हसू उपयोगाचंच नसतं. मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात उभी राहिली, आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा केडगावात बायबलचं हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत भाषांतर करत होत्या, बायकांना आणि साध्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत. मुलगी गेल्यावरही त्या काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम हातावेगळं झालं होतं. ज्या लेकीला काय शिकवायचं यावरून एकेकाळी समुद्रापार भांडण झालं, तिच्या मागे उरलेल्या दिवसांत आई शब्दाला शब्द शोधत बसली होती. इनामगावच्या ज्या बाईने आपलं मूल दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीत पुरलं, तीही दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर चूल पेटवून बसली असेल. अशा वेळी श्रद्धा ही कुणाला देण्याघेण्याची गोष्ट राहत नाही. ती स्वतःला उभं ठेवण्यापुरती असते आणि मूल तीही बघत असतं.

म्हणून अबोला धरलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी आता "काहीच शिकवू नका" असं सांगत नाही. तुमच्याजवळ जे आहे ते द्या. शुभवर्तमान असेल तर ते द्या, हरिपाठ असेल तर तो, काहीच नसेल तर तुमचा प्रामाणिक संशय द्या. फक्त एक बघा. उद्या तुमचं सहा वर्षांचं पोर तुमच्या उपासाला, तुमच्या प्रार्थनेला किंवा तुमच्या नास्तिकपणाला फिदीफिदी हसलं, तर तुम्हाला त्याच्याबरोबर हसता येईल का? येत असेल तर बारसं कुठल्या पद्धतीने करायचं ते खुशाल चिठ्ठ्या टाकून ठरवा.