शंकासमाधान : माहेरची साडी आणि देवाची देणगी

शंका : मी मंडळीत भजने सांगते. उपासनेनंतर लोक गळ्याची स्तुती करतात, तेव्हा मी "छे, कसला गळा! आज तर बसलाच होता" असे म्हणते. घरी यजमान म्हणतात, हे लटके बोलणे आहे. मग नम्र राहायचे तरी कसे?
– एक भगिनी, नेवासे तालुका

समाधान : ताई, यजमानांचे म्हणणे मला पटते. स्वतःच पारख करून पाहा. तुम्ही "गळा बसला होता" म्हणालात आणि समोरची म्हणाली, "हो, जाणवलं खरं," तर त्या रात्री झोप लागेल का? लागणार नसेल, तर ते वाक्य दुसऱ्यांदा स्तुती मिळवण्यासाठीच होते.

माहेरची साडी नेसून तुम्ही बाहेर पडता. कोणी वाखाणली तर "फाटकीच आहे" म्हणता का? "भावाने घेतली" म्हणता. साडीचा मान राहतो आणि भावाचाही. गळ्याचे तसेच आहे. देवाने दिलेली चांगली वस्तू वाईट म्हणून सांगणे म्हणजे देणाऱ्याला कमीपणा आणणे, आणि ती आपल्याच कमाईची म्हणून मिरवणे म्हणजे त्याचे नाव खोडणे. करिंथच्या मंडळीत कोणाचा गुरू मोठा यावरून चढाओढ लागली, तेव्हा पौलाने त्यांना एवढेच विचारले, की मिळालेले नाही असे तुमच्याजवळ आहे तरी काय?

आपल्या नगरचेच उदाहरण घ्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने गायल्याशिवाय मराठी मंडळीचा रविवार सरत नाही. आपण कवी आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही. भरभरून लिहिले, लोकांकडून गाऊन घेतले. आणि त्याच लेखणीने आपण प्रभूपुढे अजून किती उणे आहोत, हेही भजनात मांडले. गुण लपवला नाही आणि उणेही लपवले नाही.

तेव्हा कोणी स्तुती केली तर "प्रभूची कृपा" एवढे म्हणा आणि तबलजीचे नाव घ्या. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन रुजवले. कीर्तन एकट्याच्या गळ्यावर कधीच उभे राहत नाही, मागे टाळ धरणारे लागतात. आणखी एक करा. मंडळीतल्या दोन मुलींना चाली शिकवा. त्यांच्यातली एखादी तुमच्याहून सरस गाऊ लागेल, त्या दिवशी तुमच्या नम्रतेची खरी परीक्षा होईल.

शंका : हंगामाच्या सणाला पाळकसाहेब म्हणाले, पीक देवाने दिले. पण रात्री दोनला लाइट येते तेव्हा दारे धरायला मीच जातो. आणि माझे पीक देवाने दिले म्हणावे, तर शेजाऱ्याचा कांदा चाळीत सडला, तो कोणी सडवला?
– एक शेतकरी, राहुरी तालुका

समाधान : बंधू, तुम्ही एका दमात दोन शंका विचारल्यात आणि दुसरी पहिलीपेक्षा भारी आहे.

आधी पहिली. देव देतो म्हणजे माणूस हात बांधून बसतो, असे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. अनुवादाच्या पुस्तकात मोशे लोकांना बजावतो, की चांगला देश मिळाल्यावर हे सगळे आपल्या मनगटाने मिळवले असे समजू नका. मनगट राबले नाही, असे तो म्हणत नाही. त्या मनगटात बळ कोणी घातले, ते विसरू नका म्हणतो. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी आठवा. पर्जन्यछायेतला मुलूख, पडेल तो पाऊस उघड्या माळावरून वाहून जायचा. फादर हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने पाणलोटाचे जे काम उभे राहिले, त्यात 1990च्या दशकात दरेवाडीनेही उडी घेतली. गावाने श्रमदान केले, चराईबंदी पाळली, बांध घातले आणि पाणी जमिनीत मुरू लागले. पाऊस गावाने पाडला नाही. तो अडवला मात्र गावाने. या दोन वाक्यांतले एक गाळले तर उरलेले खोटे पडते.

आता शेजाऱ्याचा कांदा. तो का सडला, याचे उत्तर मी देणार नाही. ईयोबाच्या मित्रांनी तसली उत्तरे दिली आणि देवाने त्यांनाच दोष लावला. प्रभू येशूने मात्र सांगून ठेवले आहे, की पाऊस नीतिमानाच्या शेतावर पडतो तसा अनीतिमानाच्याही पडतो. त्यामुळे आपले भरलेले घर ही आपल्या पुण्याची पावती नव्हे. मंदिरात गेलेल्या परूश्याची गोष्ट आठवा. त्याची प्रार्थना आभारानेच सुरू झाली होती! "मी त्या जकातदारासारखा नाही" म्हणून त्याने आभार मानले आणि तिथेच तो चुकला. शेजाऱ्याच्या नुकसानीशी तुलना करून मानलेले आभार देवापर्यंत पोहोचत नाहीत.

सणाला आणलेल्या पिकाच्या लिलावात चढी बोली लावून भोपळा जरूर घ्या, पैसा मंडळीच्याच कामी येतो. पण त्याच आठवड्यात एक पोते शेजाऱ्याच्या ओसरीवर टाकून या. तिथे नाव पुकारायला माइक नको.

शंका : माझे पणजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले. घरात अजून "मिशनचे उपकार" हे शब्द ऐकू येतात आणि मला मिंधे वाटते. कृतज्ञ राहायचे म्हणजे जन्मभर मान खाली घालायची का?
– एक तरुण, अहिल्यानगर शहर

समाधान : मुळीच नाही. ज्या काळी गावचा पाणवठा आणि शाळा तुमच्या-माझ्या वाडवडिलांना बंद होती, त्या काळी शिक्षण हा त्यांचा हक्कच होता. तो ज्यांनी नाकारला, ते देणेकरी. ज्यांनी दार उघडले, त्यांचे आभार. हक्क सांगितल्याने आभार कमी होत नाहीत आणि आभार मानल्याने हक्क बुडत नाही.

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले. पुढे मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींची शाळा चालवली. जोतिराव फुले ती शाळा पाहून गेले आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. फरारबाईंचे उपकार फुल्यांनी फेडले असतील, तर ते असे. त्यासाठी ते कोणाचे मिंधे झाले नाहीत आणि ख्रिस्तीही झाले नाहीत. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडला. मिशन सोडले म्हणून ख्रिस्त सोडला नाही. आणि 1947 मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी नगरला कॉलेज उभारले, त्याचे दार सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना उघडे राहिले.

मिंधा माणूस देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो. कृतज्ञ माणूस, मागे अजून कोण उभे आहे ते बघतो. तुमच्या गल्लीत दहावीला गणितात अडलेला एखादा मुलगा असेलच. पणजोबांचे देणे त्याच्याकडे चुकते करा आणि मान ताठ ठेवा.

शंका : मुलगा बरा झाला म्हणून हरेगावच्या यात्रेत मतमाउलीचा नवस फेडला. आता हिशेब पूर्ण झाला ना?
– एक माता, श्रीरामपूर तालुका

समाधान : माई, बोललेला शब्द पाळलात, चांगले केलेत. पण दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पुन्हा वाचा. प्रभूने "याजकांना जाऊन दाखवा" म्हणून सांगितले आणि नऊजण सांगितल्याप्रमाणे गेले. त्यांनी कोणताच नियम मोडला नव्हता. तरी प्रभूने विचारले, ते नऊजण कुठे आहेत? परत आलेला एकटा शोमरोनी हिशेब चुकता करायला आला नव्हता, त्याला राहवले नाही म्हणून आला. नवस एकदा फिटतो. उपकार मात्र रोज सकाळी पोराला डबा देताना आठवायचे असतात.

शंका : मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, साक्ष देता येत नाही. मला देवाने काहीच दिले नाही. मग आभार कशाचे मानू?
– नाव नको, पाथर्डी तालुका

समाधान : नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना लहानपणी शाळा मिळाली नाही. लग्नानंतर त्या अक्षरे गिरवायला लागल्या. त्याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि पतीच्या पश्चात त्यांच्या अपुऱ्या 'ख्रिस्तायन' या काव्यात 64 अध्यायांची भर घातली. पण हे सांगून मी तुम्हाला लक्ष्मीबाई व्हायला लावणार नाही. त्यांनी सुरुवात केली ती समोर आलेल्या पाटीपासून, एवढेच ध्यानात घ्या.

धन्याने चाकरांना पैसे सोपवले, त्या दाखल्यातल्या शेवटच्या चाकराला कमी मिळाले म्हणून दोष लागला नाही. त्याने ते पुरून ठेवले म्हणून लागला. "मला काहीच दिले नाही" हे वाक्य नम्र वाटते खरे, पण ते मातीत पुरण्यासाठी खणलेला खड्डाही असू शकते. मंडळीत गाणारे दिसतात. सतरंज्या घालणारे, घागर भरून ठेवणारे, आजाऱ्याच्या घरी जाऊन नुसते बसणारे दिसत नाहीत. तुम्हाला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणजे बहुधा ऐकून घेता येत असेल. ते फार थोड्यांना जमते.

येत्या रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी या. सतरंज्या घालायला माणसे नेहमीच कमी पडतात.